फीडर भरलेला आहे, मग फिंच का येत नाहीत?

थंडी सुरू झाल्यापासून आलेली बहुतेक पत्रं फिंच पक्ष्यांबद्दल आहेत, म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. गोल्डफिंच, सिस्किन, रेडपोल, ग्रीनफिंच, हाउस फिंच ही सगळी आखूड, शंकूसारख्या चोचीची, बियांवर जगणारी पाखरं. पत्रं युरोपातून आली आहेत तशी उत्तर अमेरिकेतूनही, त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचे पक्षी येतील. एकाच मुद्द्यावरची पत्रं मी एकत्र केली आहेत.

प्रश्न : ताई, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कारळ्यांसाठीचा खास नळीचा फीडर टांगला आणि काठोकाठ भरला. शेजारच्या फीडरवर चिमण्या येतात, टिट नावाची छोटी पाखरं येतात. पण याच्याकडे एकही फिंच फिरकत नाही. दाण्यांची पातळी बोटभरसुद्धा खाली गेलेली नाही. आमच्या भागात फिंच नसतीलच का?

फिंच नाहीत असं इतक्यात ठरवू नका. पातळी हललेलीच नाही म्हणता, तर मला आधी संशय येतो तो दाण्याचा. चिमूटभर कारळे पांढऱ्या कागदावर घ्या आणि चमच्याच्या पाठीने दाबून चिरडा. कागदावर तेलाचा डाग उमटला तर दाणा चांगला आहे. कोरडी भुकटी झाली तर तो दाणा कितीही महागाचा असो, टाकून द्या. वासावरूनही कळतं. ताज्या कारळ्याला मंद, तेलकट वास येतो, जुना खवट होतो.

कारळे, म्हणजे दुकानात ‘नायजर’ नावाने मिळणारं काळं बारीक बी, इथिओपिया आणि भारतासारख्या देशांतून जहाजाने येतं. अमेरिकेत येताना ते तापवूनच घ्यावं लागतं, कारण त्यात मिसळून आलेलं अमरवेलीसारख्या तणांचं बी तिथे रुजू नये. त्यामुळे हा दाणा फीडरमध्ये पडेपर्यंत त्याचा बराच प्रवास झालेला असतो, मग दुकानात आणि आपल्या घरी आणखी काही महिने जातात. टरफल पातळ, आत तेल भरपूर. असा दाणा लवकर सुकतो.

फिंचला हे लगेच कळतं. दुर्बिणीतून त्याची चोच कधी नीट बघा. दाणा तो चोचीच्या कडेला, वरच्या जबड्यातल्या खाचेत धरतो, जिभेने फिरवतो, खालच्या जबड्याच्या धारेने टरफल चिरतो आणि गर आत घेतो. टरफलाचे दोन तुकडे चोचीच्या कोपऱ्यातून खाली गळतात. हे सगळं होतं डोळ्यांची उघडझाप व्हावी इतक्या वेळात. दाणा सुका असेल तर तो तसाच चोचीतून सोडून दिला जातो. अशा दोन-चार दाण्यांनंतर पक्षी उडून जातो तो परत येत नाही. वजन जेमतेम तेरा-चौदा ग्रॅम, दिवस लहान आणि रात्र लांब. पोकळ दाणे सोलत बसणं त्याला परवडत नाही.

म्हणून कारळे थोडे आणा, महिनाभर पुरतील एवढेच. पिशवी उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड कोरड्या जागी ठेवा. गेल्या हिवाळ्यात उरलेली पिशवी बागेच्या खोलीत सापडली तरी ती वापरू नका.

दाणा चांगला निघाला तर मग ओल तपासा. पाऊस किंवा वितळलेला बर्फ नळीत गेला की तळाचे दाणे गच्च बसतात, त्यांना बुरशी येते. आपण वरून ताजे दाणे ओततो, फीडर भरलेला दिसतो, आणि खालच्या फटींपाशी मात्र तीच जुनी ढेप असते. भरण्याआधी नळी रिकामी करा, तळ काडीने खरवडून बघा. निचऱ्याची छिद्रं बुजलेली असतील तर मोकळी करा. आणि पहिल्या खेपेला काठोकाठ भरू नका, तळाकडचा तिसरा हिस्साच भरा. येता-जाता नळी हलवत राहिलात तर दाणे मोकळे राहतात.

यानंतरही धीर धरावा लागेल. नवा फीडर ध्यानात यायला पाखरांना काही आठवडेसुद्धा लागतात. फिंच थव्याने हिंडतात आणि एकमेकांचं बघून उतरतात. तुमच्या चिमण्या-टिट ज्या फीडरवर येतात त्याच्या जवळच हा टांगा. वाऱ्याचा मारा नसलेली, सकाळी ऊन येणारी, जवळ एखादं झाड असलेली जागा उत्तम. शिवाय शेजारी सूर्यफुलाचे सोललेले दाणे ठेवा. मला एकच दाणा निवडायला सांगितलं तर मी कारळे बाजूला ठेवून हाच निवडीन. गोल्डफिंच, सिस्किन, ग्रीनफिंच सगळे तो खातात, टरफलांचा कचरा होत नाही आणि जुना झाला की आपल्या नजरेला लगेच दिसतो. फक्त हा दाणा भिजला की लवकर सडतो, म्हणून एक-दोन दिवसांत संपेल इतकाच घाला. तयार मिश्रणं घेऊ नका. त्यांत लाल ज्वारी आणि गहू भरलेले असतात. छोटे फिंच ते चोचीने बाजूला उडवतात आणि खाली त्याचा चिखल होतो.

एका पत्रात ‘पाखरं कारळे नुसते सांडून टाकतात’ अशी तक्रार आहे. खाली पडलेल्या काळ्या सड्यातलं चिमूटभर उचलून बोटांत चुरा. बहुतेक सगळी नुसती टरफलं निघतील. ती न फोडलेल्या दाण्यांसारखीच दिसतात, एवढंच.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या अंगणात पिवळेधमक गोल्डफिंच होते. ऑक्टोबरपासून ते गायब आहेत. त्यांच्या जागी मळकट तपकिरी पक्षी येतात. गोल्डफिंच पुन्हा यावेत म्हणून काय ठेवू?

तेच गोल्डफिंच आहेत! अमेरिकन गोल्डफिंच वर्षातून दोनदा पिसं बदलतो. उन्हाळा संपता संपता पिवळा रंग जातो आणि अंगावर राखट-तपकिरी पिसं येतात, मग हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा पिसं बदलून नर पिवळे होतात. आता येणाऱ्या पक्ष्यांचे पंख बघा. काळे असतील, त्यांवर फिक्या रंगाचे आडवे पट्टे असतील. गळ्यापाशी पुसटसा पिवळेपणाही दिसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये अधूनमधून पिवळे ठिपके उगवलेले नर दिसतील, ते आजारी नाहीत, त्यांची पिसं बदलत आहेत. उत्तरेकडचे काही गोल्डफिंच हिवाळ्यात दक्षिणेला सरकतात, त्यामुळे नेमके उन्हाळ्यातलेच पक्षी तुमच्या दारात असतील असं नाही. पण जात तीच आहे आणि दाणाही तोच ठेवा.

युरोपातल्या वाचकांना हा प्रश्न पडत नाही. तिथला गोल्डफिंच वेगळा. त्याचा लाल चेहरा आणि पंखावरचा पिवळा पट्टा बाराही महिने तसाच असतो.

प्रश्न : मोठे पक्षी सगळा फीडर अडवून बसतात, छोट्या फिंचना जागाच मिळत नाही. फीडर कोणत्या प्रकारचा घ्यावा?

ज्याच्या फटी अरुंद आणि बसायच्या दांड्या आखूड, असा नळीचा फीडर घ्या. मोठ्या पक्ष्याला आखूड दांडीवर पाय रोवता येत नाहीत आणि कारळ्याच्या बारीक फटीत त्याची चोच नीट जात नाही. अमेरिकेत हाउस फिंचची गर्दी फार होत असेल तर दांड्या वर आणि फटी खाली असलेला फीडर मिळतो. त्यावर उलटं लोंबकळूनच खावं लागतं. गोल्डफिंचला ते सहज जमतं, तो रोपांच्या बोंडांवर असाच लटकून खातो. हाउस फिंचला ते अवघड जातं.

जाळीच्या कापडी पिशव्या स्वस्त असतात आणि फिंचना त्यांवर लटकायलाही आवडतं. पण त्या भिजतात, फाटतात, फाटलेल्या धाग्यांत पाखराची नखं अडकतात. कोरड्या हवेत वापरा आणि पहिलं भोक पडलं की टाकून द्या. सपाट ताटलीचा फीडर मात्र फिंचसाठी मी अजिबात सुचवणार नाही. नळीखाली लावायच्या ताटलीबद्दलही माझं तेच मत आहे. कारण पुढच्या उत्तरात येतं आहे, आणि हा सगळा अंक चाळताना एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर तेच वाचा.

प्रश्न : फीडरखाली एक ग्रीनफिंच पिसं फुगवून बसला होता. मी अगदी जवळ गेले तरी उडाला नाही. चोच ओली दिसत होती, दाणा तोंडात घोळवत होता पण गिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच मेलेला सापडला. मी खायला घातलं म्हणून असं झालं का? आता काय करू?

तुम्ही लिहिलंय ती लक्षणं ट्रायकोमोनोसिसची आहेत. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी पक्ष्याच्या घशात वाढतो, घसा सुजतो, गिळता येत नाही, आणि समोर दाणा असूनही पक्षी उपाशी मरतो. कबुतरांत हा रोग फार पूर्वीपासून आहे. ब्रिटनमध्ये तो २००५ साली फिंचमध्ये दिसला. सगळ्यांत जास्त मेले ते ग्रीनफिंच. बागेतला हा नेहमीचा पक्षी इतका घटला की २०२१ साली त्याला तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं. चाफिंचलाही याची झळ बसली आहे.

हा परजीवी लाळेतून पसरतो. आजारी पक्षी दाणा तोंडात घेतो, गिळू शकत नाही, ओला दाणा परत टाकतो, आणि तोच दुसरा पक्षी उचलतो. सपाट ताटलीत असे ओले दाणे, विष्ठा आणि पावसाचं पाणी एकत्र साचतं. याच कारणाने ब्रिटनमधल्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला पक्ष्यांना खायला घालायच्या सपाट टेबलांची विक्री थांबवली.

फीडरमुळे पसरणारे आणखी दोन रोग लक्षात ठेवा. साल्मोनेला हा जिवाणू विष्ठेतून पसरतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेत पाइन सिस्किनचे प्रचंड थवे दक्षिणेला उतरले आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यांतले अनेक साल्मोनेलाने मेले. वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव विभागाने तेव्हा लोकांना फीडर उतरवायला सांगितलं होतं. दुसरा डोळ्यांचा रोग, मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होणारा. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास फीडरवर सुजलेल्या, चिकटलेल्या डोळ्यांचे हाउस फिंच दिसू लागले आणि काही वर्षांतच हा रोग पूर्वेकडे सगळीकडे पोचला. हे पूर्वेकडचे हाउस फिंच मुळात पश्चिमेचे. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पक्षीविक्रेत्यांनी सोडून दिलेल्या थोड्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची ही प्रजा. आजारी पक्षी चोच आणि डोळे फीडरच्या फटीला घासतो आणि पुढचा पक्षी तिथेच डोकं घालतो.

तुम्ही आज करायचं ते असं. सगळे फीडर आणि पाण्याची भांडी उतरवा. निदान दोन आठवडे काही ठेवू नका, आजारी पक्षी दिसत राहिले तर त्याहून जास्त. आजूबाजूच्यांनाही सांगा, कारण पाखरं कुंपण मानत नाहीत आणि एकट्याने फीडर उतरवून भागत नाही. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. ट्रायकोमोनासचा हा प्रकार माणसाला होत नाही, पण साल्मोनेला माणसालाही होतो, मांजरालाही. ब्रिटनमध्ये असाल तर गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ या उपक्रमाला कळवा, अशा नोंदींतूनच रोगाचा माग काढला जातो. पाण्यात औषध घालायचा विचार अनेकांच्या मनात येतो. ते करू नका. रानपक्ष्याला किती मात्रा गेली ते कळत नाही आणि निरोगी पक्षीही ते पितात.

फीडर धुताना आधी सगळं सुटं करून गरम साबणपाण्याने घासा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळवणं हा धुण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. हा परजीवी कोरडेपणात तग धरत नाही. धुण्यासाठी वेगळा ब्रश, वेगळी बादली, हातमोजे, आणि स्वयंपाकघरातलं सिंक नाही. एरवीही दर दोन आठवड्यांनी हे करायला हवं. पावसाळी हवेत किंवा मोठा थवा येत असेल तेव्हा त्याहून लवकर. मी प्रत्येक फीडरची जोडी ठेवते. एक टांगलेला, दुसरा धुऊन वाळत. त्यामुळे ओला फीडर घाईने भरायची वेळ येत नाही. फीडरची जागाही मधूनमधून बदला आणि खालचा सडा झाडून टाका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तुम्ही त्या पक्ष्याला आजारी केलं असं मी म्हणणार नाही, तो आजार घेऊनच आला असण्याची शक्यता आहे. पण गर्दीच्या जागी रोग वेगाने पसरतो आणि ती जागा आपण तयार केलेली असते. म्हणून ज्यांना दोन आठवड्यांनी फीडर धुणं शक्य नाही त्यांनी फीडर लावू नये, झाडं लावावीत. यावर माझं मत बदलणार नाही. लावायची कोणती, ते शेवटच्या प्रश्नात सांगते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सिस्किन आणि रेडपोलचा एवढा मोठा थवा आला होता की दिवसातून दोनदा फीडर भरावा लागे. नंतरच्या हिवाळ्यात एकही नाही. आमचं काही चुकलं का?

काहीही चुकलेलं नाही. या पाखरांचा हिवाळा ठरवतात ती उत्तरेकडची जंगलं. बर्च, आल्डर, स्प्रूस या झाडांना एखाद्या वर्षी दूरदूरच्या प्रदेशात एकदमच भरघोस बी धरतं आणि पुढच्या वर्षी फारसं काहीच नसतं. बी भरपूर असेल तर रेडपोल आणि सिस्किन तिथेच राहतात. बी नसेल तर थवेच्या थवे दक्षिणेला येतात. कॅनडात तर १९९९ पासून दर शरद ऋतूत ‘विंटर फिंच फोरकास्ट’ निघतं. झाडांवरचं बी बघून यंदा कोणते फिंच खाली उतरतील याचा तो अंदाज असतो, आणि मी तो आवर्जून वाचते.

युरोपातल्या सिस्किनबद्दल एक मजेशीर गोष्ट आहे. सूचिपर्णी झाडांच्या शंकूंचे खवले कोरड्या हवेत उघडतात, ओल्या हवेत मिटतात. त्यामुळे पावसाळी, कुंद दिवशी रानातलं बी काढणं कठीण होतं आणि सिस्किन बागांकडे वळतात. हिवाळ्याच्या अखेरीला, रानातलं बी संपत आलं की त्यांची ये-जा सगळ्यांत जास्त. म्हणजे डिसेंबरमध्ये सिस्किन दिसले नाहीत म्हणून जानेवारीत फीडर उतरवणाऱ्यांचा चांगला हंगामच हुकतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा.

रेडपोलचा थवा पुन्हा आला तर तो कसा खातो ते बघा. त्याच्या अन्ननलिकेला एक थैली असते. उघड्यावर तो भराभर बिया गोळा करून थैलीत भरतो, आडोशाला जातो, आणि तिथे त्या तोंडात परत आणून निवांत सोलून खातो. म्हणून फीडरवर घाईघाईने खाऊन सगळे एकदम उडाले तर कशाने घाबरले म्हणून शोधू नका. आणि फीडरपासून थोड्या अंतरावर दाट सदाहरित झुडूप असेल तर ते तोडू नका. कडाक्याच्या थंडीत रेडपोल बर्फात बोगदा करून त्यात रात्र काढतात, इतका हा काटक पक्षी. पाइन सिस्किनचीही तऱ्हा अशीच. त्याच्या शरीरातली ऊर्जेची उलाढाल त्याच आकाराच्या इतर पक्ष्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त असते. हे वाचल्यापासून तो फीडरवर इतका भांडखोर का वागतो याचं मला नवल वाटत नाही.

पक्षी येवोत न येवोत, नोंद ठेवा. उत्तर अमेरिकेत प्रोजेक्ट फीडरवॉच ही पक्षीगणना १९८७ पासून नोव्हेंबर ते एप्रिल चालते. ब्रिटनमध्ये जानेवारीच्या अखेरीस होणारी बिग गार्डन बर्डवॉच १९७९ पासून आहे. ‘आज एकही फिंच नाही’ ही नोंदही तिथे उपयोगाची असते.

प्रश्न : मी पाचवीत आहे. आम्ही सुट्टीत दोन आठवडे बाहेर जाणार आहोत. फीडर रिकामा राहिला तर आमचे गोल्डफिंच मरतील का? आणि बाबा म्हणतात की दाणे घातले की पक्षी आळशी होतात. खरं आहे का?

तुझे गोल्डफिंच फक्त तुझ्याकडे जेवत नाहीत. दिवसभरात ते बऱ्याच जागा फिरतात, रानातलं बी खातात, दुसऱ्यांच्या फीडरवरही जातात. तुझा फीडर रिकामा दिसला की दुसरीकडे शोधतील.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. तो चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्यावर. बरीच वर्षं फीडरवर खाणाऱ्या चिकडींचे फीडर काढून घेतले आणि फीडर कधीच न पाहिलेल्या चिकडींशी तुलना केली. दोन्हीकडचे पक्षी सारखेच तगले. म्हणजे फीडरची सवय असलेले पक्षी अन्न शोधायला विसरले नव्हते. हे बाबांना वाचून दाखव.

पण त्याच शास्त्रज्ञांना असंही दिसलं की हिवाळा फार कडक असेल तेव्हा फीडर जवळ असलेले चिकडी जास्त जगतात. म्हणून सुट्टीच्या आधी आठवडाभर दाणे थोडे थोडे कमी करत जा. खूप बर्फ पडण्याचा अंदाज असेल तर शेजारच्या काकूंना मधेमधे फीडर भरायला सांग. फीडर भरून ठेवून जाऊ नकोस. दोन आठवडे कुणी बघितलं नाही तर आतले दाणे भिजून सडतात. रिकामा फीडर सडलेल्या दाण्यांच्या फीडरपेक्षा चांगला.

प्रश्न : फिंच खिडकीवर आपटतात. शिवाय शेजारचं मांजर आणि एक स्पॅरोहॉक, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, टपून असतो. फीडर कुठे टांगू?

खिडकीपासून एक मीटरच्या आत, किंवा मग दहा मीटरच्या पलीकडे. एक मीटरच्या आत टांगलेल्या फीडरवरून पाखरू उडालं तर काचेपर्यंत त्याला वेग येत नाही. मधलं अंतर घातक. काचेवर बाहेरच्या बाजूने सगळीकडे ठिपके किंवा पट्ट्या लावा, पाच-पाच सेंटिमीटरवर. कोपऱ्यात चिकटवलेल्या एखाद्या ससाण्याच्या चित्राचा उपयोग होत नाही, पाखरं त्याच्या बाजूने उडत जातात. हा प्रश्न लहान समजू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६ ते ९९ कोटी पक्षी मरत असावेत असा अंदाज आहे.

मांजर दबा धरून बसू शकेल अशा झुडपापासून फीडर दोन-तीन मीटर दूर हवा. त्याच वेळी उडून जाऊन लपता येईल असं झाड फार लांब नको. मांजर तुमचं स्वतःचं असेल तर पहाटे आणि संध्याकाळी त्याला घरातच ठेवा. स्पॅरोहॉकला हाकलू नका, त्यालाही हिवाळा काढायचा आहे. तो रोज यायला लागला तर काही दिवस फीडर उतरवा, तो दुसरीकडे जाईल.

प्रश्न : बर्फ असताना पाणी ठेवायचं का?

हो. उथळ भांडं, आत एखादा खडबडीत दगड, पाणी रोज बदललेलं. गोठलं तर गरम पाणी ओतून सैल करा किंवा पक्ष्यांच्या भांड्यासाठी मिळणारा छोटा हीटर वापरा. पाणी गोठू नये म्हणून मीठ, ग्लिसरीन किंवा गाडीत घालायचं अँटिफ्रीझ कदापि घालू नका. अँटिफ्रीझ विषारी असतं.

प्रश्न : पुढच्या हिवाळ्यात फीडरशिवायच फिंच यावेत असं वाटतं. काय लावावं?

हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं. जागा असेल तर बर्च किंवा आल्डर लावा. सिस्किन आणि रेडपोल या झाडांचं बी खातात. फळ मिळायला वर्षं जातील, म्हणून लगेचच्या हिवाळ्यासाठी सूर्यफूल पेरा, शक्यतो अनेक छोटी फुलं येणारं. उत्तर अमेरिकेत असाल तर एकिनेशिया, रुडबेकिया ही फुलझाडं आणि स्थानिक जातीचे थिसल, म्हणजे काटेरी फुलझाडं, लावा. गोल्डफिंच त्यांची बोंडं अक्षरशः कोरून काढतात. स्थानिक जात नीट विचारून घ्या, कारण बाहेरून आलेले काही थिसल तिथे शेतीचं नुकसान करणारं तण ठरले आहेत. युरोपात टीझल उत्तम. त्याची बोंडं काटेरी आणि बी खोल असतं. नर गोल्डफिंचची चोच मादीपेक्षा किंचित लांब असते, त्यामुळे टीझलवर बहुधा नरच दिसतात. उत्तर अमेरिकेत मात्र टीझल लावू नका, तिथे ते मोकाट पसरतं.

लावण्यापेक्षा अवघड आहे ते न कापणं. फुलं सुकली की बाग विसकटलेली दिसते आणि हात कात्रीकडे जातो. बोंडं वसंतापर्यंत उभी राहू द्या. अगदीच रस्त्याकडेला येत असतील तर देठासकट कापून जुडी बांधा आणि कुंपणाला उलटी टांगा, फिंच तिथेही येतात. पेरायचं बी मात्र कीटकनाशक न लावलेलंच घ्या. बियाणं म्हणून विकल्या जाणाऱ्या सूर्यफुलाला अनेकदा औषध चोळलेलं असतं, त्याला रंगही दिलेला असतो. त्यातलं उरलेलं बी फीडरमध्ये ओतू नका.